ट्रान्झॅक्शन लावलं तरी एकच सीट दोघांना का जाते?

तळटीप (धागाकर्ता)

बिगिन (ट्रान्झॅक्शनची, म्हणजे एकत्रच पार पडणाऱ्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या कामांच्या गटाची सुरुवात) आणि कमिट (ते बदल कायम करणं) यांच्यामध्ये कोड बसवला की तो सुरक्षित झाला, हा समज फार घट्ट रुजलेला आहे. कोड रिव्ह्यूमध्ये मला हाच दोष सगळ्यात जास्त वेळा दिसतो, आणि तो फक्त नवख्यांच्या कोडमध्ये असतो असंही नाही. म्हणून हा धागा.

सीट बुकिंगचं उदाहरण घेऊ. कोड असा आहे: सीटची रो (टेबलातली ओळ) वाचायची, स्टेटस 'रिकामी' असेल तर ते 'बुक्ड' करायचं, बुकिंग टेबलात ग्राहकाची नोंद घालायची आणि कमिट करायचं. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. आता काही मिलिसेकंदांच्या अंतराने दोन रिक्वेस्ट येतात. पहिलीने वाचलं, सीट रिकामी. दुसरीने वाचलं, तिलाही रिकामीच दिसली, कारण पहिलीने अजून काही लिहिलेलं नाही. पहिलीने अपडेट केलं, नोंद घातली, कमिट केलं. दुसरीचं अपडेट तेवढा वेळ रो-लॉकपाशी (एक जण रो बदलत असताना दुसऱ्याला थांबवणारं कुलूप) अडकून होतं. लॉक सुटला, तेही पार पडलं, तिचीही नोंद पडली. दोघांनाही 'तुमची सीट पक्की' असा मेसेज गेला. कुठे एरर नाही, लॉगमध्ये काही खूण नाही.

यात डेटाबेसने शब्द मोडलेला नाही. पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर या तिन्ही डेटाबेसची डीफॉल्ट आयसोलेशन लेव्हल (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शनं एकमेकांपासून किती अलग राहतात ती पायरी) रीड कमिटेड आहे. दुसऱ्याचा कमिट न झालेला डेटा तुम्हाला दिसणार नाही, एवढीच तिची हमी. तुम्ही जे वाचलंत ते तुम्ही लिहीपर्यंत तसंच राहील, ही हमी तिने दिलेलीच नाही. थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये 'अ‍ॅसिड' हे नाव दिलं आणि ती चार अक्षरं (अ‍ॅटॉमिसिटी म्हणजे सगळं किंवा काहीच नाही, कन्सिस्टन्सी, आयसोलेशन, ड्युरेबिलिटी) आपण सगळे पाठ म्हणतो. पण त्यातलं आयसोलेशन पायऱ्यापायऱ्यांनी मिळतं आणि बहुतेक ठिकाणी आपल्याला न विचारता खालची पायरी दिलेली असते, हे कुणी सांगत नाही.

वरच्या कोडवरचा उपाय छोटा आहे. प्रश्न आणि कृती एकाच स्टेटमेंटमध्ये आणा:

अपडेट सीट्स सेट स्टेटस = 'बुक्ड' व्हेअर आयडी = १७ अँड स्टेटस = 'रिकामी'

आणि किती रो बदलल्या ते बघा. दुसरीचं अपडेट आताही लॉकपाशी थांबेल, पण लॉक सुटल्यावर पोस्टग्रेस रोची ताजी आवृत्ती घेऊन व्हेअरची अट नव्याने तपासतं. अट आता खोटी आहे, त्यामुळे शून्य रो बदलतात. शून्य आलं की नोंद घालायची नाही, ग्राहकाला सीट गेल्याचं सांगायचं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: निर्णय अ‍ॅप्लिकेशनच्या मेमरीत घेऊन तो डेटाबेसला कळवू नका. लिहिण्याच्या क्षणी डेटाबेसलाच निर्णय घेऊ द्या. तुम्ही सगळे प्रॉडक्शनमध्ये हे कसं हाताळता?

---

मधलीओळ

छान मांडलंय. पण 'सिलेक्ट फॉर अपडेट' का टाळलंत? वाचतानाच लॉक घेतला की दुसरी रिक्वेस्ट वाचायलाच थांबते, आणि मधलं लॉजिक कितीही गुंतागुंतीचं असलं तरी चालतं. प्रत्येक नियम एका व्हेअरमध्ये बसवता येत नाही. सवलत लागू आहे का, ग्राहकाची मर्यादा संपली का, असे पाचसहा प्रश्न असतील तर मला लॉक घेऊन सरळ कोड लिहिणं जास्त वाचनीय वाटतं.

---

तळटीप

@मधलीओळ, मान्य. रो अस्तित्वात असेल तर फॉर अपडेट उत्तम. अडचण येते ती रो नसताना. मीटिंग रूमचं बुकिंग घ्या: तीन ते चार या वेळेत कुणाचं बुकिंग आहे का, हे तपासायचं. नसेल तर सिलेक्ट फॉर अपडेटला शून्य रो मिळतात. मग लॉक कशावर घेणार? दोघांनाही शून्य दिसतं, दोघेही इन्सर्ट करतात.

---

अनुक्रमणिका

वर आलेला 'नसलेल्या रोवर लॉक' हा प्रश्न या विषयाइतकाच जुना आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

१९७६ साली आयबीएममधल्या एस्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर या चौघांचा शोधनिबंध आला. टू-फेज लॉकिंगचा नियम त्यातला: ट्रान्झॅक्शनने आधी लॉक गोळा करत जायचं, आणि एकदा एक जरी लॉक सोडला तर नंतर नवा घ्यायचा नाही. हा नियम सगळ्यांनी पाळला तर ट्रान्झॅक्शनं कितीही एकमेकांत मिसळून चालली तरी अंतिम परिणाम त्यांना कुठल्यातरी क्रमाने एकेक करून चालवल्यासारखाच येतो. यालाच सिरियलायझेबिलिटी म्हणतो. पण त्याच निबंधात त्यांनी हेही दाखवलं की असलेल्या रो लॉक करून भागत नाही, कारण अटीत बसणारी नवी रो मधूनच उगवू शकते. ही फँटम रो. त्यावर त्यांनी सुचवलं की लॉक रोवर नको, अटीवरच घ्या: 'ही रूम, तीन ते चार' या संपूर्ण वर्णनावर. कल्पना नितळ आहे, पण दोन अटी एकमेकींना छेदतात का हे प्रत्येक वेळी तपासणं महागात पडतं. म्हणून प्रत्यक्षात इंडेक्समधल्या दोन किल्ल्यांच्या मधल्या जागेवर लॉक घेण्याची पद्धत रुळली.

मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनमध्ये हेच गॅप लॉक. आणि इथे एक खोच आहे जी फार जणांना अडकवते. रिपीटेबल रीड या आयसोलेशन लेव्हलमध्ये दोन ट्रान्झॅक्शनांनी एकाच रिकाम्या जागेवर फॉर अपडेट केलं, तर दोघांनाही गॅप लॉक मिळतो; गॅप लॉक एकमेकांना अडवत नाहीत. मग दोघंही इन्सर्ट करायला जातात आणि प्रत्येकाचा इन्सर्ट दुसऱ्याच्या गॅप लॉकपाशी थांबतो. डेडलॉक. डेटा बिघडत नाही, एकाचं ट्रान्झॅक्शन रद्द होतं. पण 'मी तर लॉक घेतला होता, मग हे काय' असं म्हणून लोक तासन्‌तास डोकं धरून बसतात.

मीटिंग रूमसाठी दोन सरळ वाटा आहेत. एक, रूमची मूळ रो फॉर अपडेट करून लॉक करायची, मग बुकिंग तपासायची. त्या रूमपुरती रांग लागते, बाकीच्या रूम मोकळ्या राहतात. दुसरी, पोस्टग्रेस असेल तर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट: एकाच रूमसाठी एकमेकांवर येणाऱ्या वेळा टेबलात राहूच शकत नाहीत, असं स्कीमातच लिहून टाकायचं. दुसरी मला मनापासून आवडते, कारण उद्या कुणी वेगळ्याच स्क्रिप्टमधून इन्सर्ट केला तरी नियम टिकतो.

---

पहिलंपान

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. एक शंका. आम्ही मायएसक्यूएल वापरतो, तिथे डीफॉल्ट रिपीटेबल रीड आहे, म्हणजे रीड कमिटेडच्या वरची पायरी. मग धाग्यातला पहिला प्रश्न आम्हाला येऊच नये ना?

---

तळटीप

येतो, आणि जास्त लपून येतो.

समजा शिल्लक १०० आहे. तुमच्या ट्रान्झॅक्शनने साध्या सिलेक्टने १०० वाचले. तेवढ्यात दुसऱ्याने ३० काढून कमिट केलं. तुमचा कोड १०० मधून ५० वजा करून 'शिल्लक = ५०' असं लिहितो. इनोडीबीमध्ये साधा सिलेक्ट स्नॅपशॉटमधून, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या पहिल्या वाचनाच्या क्षणी गोठवलेल्या चित्रातून वाचतो, पण अपडेट मात्र ताज्या कमिट झालेल्या रोवर चालतं. एरर येत नाही. ५० लिहिले जातात, दुसऱ्याचे ३० हवेत विरतात. हाच लॉस्ट अपडेट.

हाच प्रयोग पोस्टग्रेसच्या रिपीटेबल रीडमध्ये केलात तर तुमचं अपडेट ४०००१ या कोडची एरर देऊन थांबतं: तुमच्या स्नॅपशॉटनंतर ही रो बदलली आहे, ट्रान्झॅक्शन पुन्हा करा. लेव्हलचं नाव तेच, वागणं वेगळं. म्हणून नावावर विसंबू नका, आपल्या डेटाबेसचं त्या पानाचं डॉक्युमेंटेशन वाचा.

---

अनुक्रमणिका

याचं मूळ एसक्यूएल-९२ या मानकात आहे. तिथे चार लेव्हलची व्याख्या 'कोणती विकृती चालणार नाही' अशी केली: डर्टी रीड (कमिट न झालेलं वाचणं), नॉन-रिपीटेबल रीड (तीच रो पुन्हा वाचल्यावर वेगळी दिसणं), फँटम. तीन विकृती, चार पायऱ्या. १९९५ मध्ये बेरेन्सन, जिम ग्रे आणि इतरांनी दाखवून दिलं की ही व्याख्या मोघम आहे, लॉस्ट अपडेटसारख्या गोष्टी तिच्यात नीट येतच नाहीत, आणि स्नॅपशॉट आयसोलेशन नावाची जी पद्धत प्रत्यक्षात वापरली जाते ती या शिडीवर कुठेच बसत नाही. स्नॅपशॉटमध्ये वरच्या तिन्हींपैकी एकही विकृती दिसत नाही, तरी ती सिरियलायझेबल नाही. ओरॅकलमध्ये सिरियलायझेबल मागितलं तर मिळतं ते स्नॅपशॉट आयसोलेशनच.

---

नोंदवही

स्नॅपशॉट सिरियलायझेबल होत नाही ती फट म्हणजे राइट स्क्यू. एका ग्रुपमध्ये दोन अ‍ॅडमिन आहेत, नियम असा की किमान एक तरी राहिलाच पाहिजे. दोघांनीही एकाच वेळी 'अ‍ॅडमिनपद सोडा' दाबलं. प्रत्येकाच्या ट्रान्झॅक्शनने आपापल्या स्नॅपशॉटमध्ये मोजलं: दोन आहेत, मी गेलो तरी एक उरतो. प्रत्येकाने फक्त स्वतःची रो बदलली. रो वेगवेगळ्या, त्यामुळे लॉकची टक्कर नाही, एकमेकांवर लिहिलं असंही नाही. दोघंही कमिट. ग्रुप बिनअ‍ॅडमिनचा.

इथे @तळटीप यांचं 'एकाच स्टेटमेंटमध्ये आणा' पुरत नाही. व्हेअरमध्ये मोजणी घातली तरी ती मोजणी स्नॅपशॉटवरच होते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सिरियलायझेबल चालू करा, ट्रान्झॅक्शनभोवती रिट्राय लावा. पोस्टग्रेसमध्ये २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून खरंखुरं सिरियलायझेबल आहे. त्याआधी त्यांच्याकडेही त्या नावाखाली स्नॅपशॉटच होतं. केहिल, रोम आणि फेकेते यांनी २००८ मध्ये दिलेली रीत त्यात वापरली आहे: वाचणाऱ्याला अडवायचं नाही, पण कोणी वाचलेलं कोणी बदललं याची नोंद ठेवायची, आणि अशी दोन अवलंबित्वं धोकादायक तऱ्हेने जोडली गेली की एकाला रद्द करायचं. प्रत्येक डेव्हलपरने प्रत्येक फीचरमध्ये अशा फटी शोधत बसावं ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

---

उत्तररात्र

@नोंदवही, तत्त्व पटतं. पण रात्री पेजर वाजल्यावर उठणाऱ्याच्या बाजूने थोडं लिहितो.

सिरियलायझेबलची हमी तेव्हाच, जेव्हा त्या डेटाला हात लावणारं प्रत्येक ट्रान्झॅक्शन सिरियलायझेबल असतं. एक जुनी बॅच जॉब रीड कमिटेडमध्ये राहिली की भिंतीला भोक पडलं. शिवाय ती पद्धत सावधगिरीने रद्द करते, म्हणजे प्रत्यक्षात काही बिघडणार नव्हतं अशीही काही ट्रान्झॅक्शनं मरतात. गर्दीच्या रोवर, जिथे सगळेच एक काउंटर वाढवतात, तिथे रिट्रायवर रिट्राय होऊन थ्रूपुट (ठरावीक वेळात पार पडणारं काम) बसतं. तिथे साधा रो-लॉक लावून रांग केलेली परवडते.

आणि रिट्राय म्हणजे नेमकं काय, यावरच बहुतेक ठिकाणी घसरण होते. फसलेलं स्टेटमेंट पुन्हा चालवणं म्हणजे रिट्राय नव्हे. रोलबॅक करून (ट्रान्झॅक्शनचे सगळे बदल मागे घेऊन) पहिल्या सिलेक्टपासून सगळं पुन्हा करायचं, कारण जुन्या वाचनावर घेतलेला निर्णयच शिळा झालाय. दोन प्रयत्नांत थोडा यादृच्छिक विराम ठेवायचा, नाहीतर तेच दोघे पुन्हा तिथेच धडकतात. ट्रान्झॅक्शनच्या आत ईमेल, एसएमएस काहीही पाठवायचं नाही; रोलबॅक झालं तरी गेलेला मेसेज परत येत नाही.

मायएसक्यूएलवाल्यांसाठी आणखी एक. १२१३ म्हणजे डेडलॉक, त्यात सगळं ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालेलं असतं. १२०५ म्हणजे लॉकची वाट बघून वेळ संपली, डीफॉल्ट ५० सेकंद. यात मात्र डीफॉल्टने फक्त शेवटचं स्टेटमेंट रद्द होतं, ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं, आधी घेतलेले लॉक हातात असतात. दोन्ही एरर एकाच कॅचमध्ये ढकलून पुढे कमिट करणारा कोड मी पाहिलाय. अर्धं काम कमिट होतं, आणि ज्या अ‍ॅटॉमिसिटीच्या भरवशावर सगळं उभं आहे तीच कोडने घालवलेली असते.

डेडलॉक टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लॉक नेहमी एकाच क्रमाने घेणं. खाते अ मधून ब मध्ये आणि ब मधून अ मध्ये अशा दोन बदल्या एकदम आल्या तरी दोघांनी आधी लहान आयडीचं खातं लॉक केलं तर वर्तुळ तयारच होत नाही.

---

पहिलंपान

@उत्तररात्र, मग पेमेंटचं काय करायचं? सीट लॉक करून पेमेंट गेटवेला कॉल करायचा आणि उत्तर आलं की कमिट, असं आमच्याकडे आहे.

---

उत्तररात्र

हे लवकरात लवकर बदला, कळकळीने सांगतो. गेटवे अर्धा मिनिट अडकला तर तुमचा लॉक अर्धा मिनिट, कनेक्शन अर्धा मिनिट. गर्दीच्या वेळी अशी कनेक्शनं साचून पूल (कनेक्शनांचा ठरावीक साठा) संपतो आणि ज्यांना ती सीट नकोच आहे त्यांचीही साइट बंद पडते. शिवाय गेटवेने पैसे घेतले आणि मग तुमचं कमिट फसलं, तर रोलबॅक त्या पैशांपर्यंत पोचत नाही.

लांब उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन नुसतं वाचणारं असलं तरी त्रास देतं. पोस्टग्रेस रोच्या जुन्या आवृत्त्या टेबलातच ठेवतं. कुणालातरी त्या दिसायला हव्यात असं वाटतंय तोवर व्हॅक्यूमला (जुन्या आवृत्त्या साफ करणारी प्रक्रिया) त्या काढता येत नाहीत, टेबल फुगत जातं. इनोडीबीमध्ये तोच भार अंडू लॉगवर (जुन्या आवृत्त्या साठवणारी जागा) येतो. ओरॅकलमध्ये उलट, जुनी आवृत्ती पुसली गेली की लांबलेल्या क्वेरीला 'स्नॅपशॉट टू ओल्ड' ही एरर मिळते. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडून नुसत्या बसलेल्या सेशनला कापायची टाइमआउट सेटिंग ९.६ पासून आहे, पण डीफॉल्टने ती बंद असते. ती लावा.

पेमेंटसाठी दोन छोटी ट्रान्झॅक्शनं करा. पहिल्यात सीट 'राखीव' करायची, सोबत मुदतीची वेळ आणि एक टोकन लिहायचं, कमिट करायचं. मग गेटवे, कुठलाही लॉक हातात न धरता. यश आलं की दुसऱ्यात 'राखीव'चं 'बुक्ड' करायचं, पण अट घालून: टोकन माझंच असेल तरच. शून्य रो बदलल्या तर मुदत संपून सीट दुसऱ्याकडे गेली आहे, रिफंड सुरू करायचा. मुदत डेटाबेसच्या घड्याळावर तपासा, प्रत्येक अ‍ॅप सर्व्हरच्या स्वतःच्या नको.

---

मधलीओळ

हे 'टोकन माझंच असेल तर' म्हणजे ऑप्टिमिस्टिक लॉकिंगचाच प्रकार झाला. फॉर्म उघडून माणूस दहा मिनिटं टाइप करत बसतो अशा ठिकाणी मी व्हर्जन कॉलम ठेवतो: वाचताना व्हर्जन ७ होतं, सेव्ह करताना अजून ७ असेल तरच अपडेट आणि ८ करा. टक्कर क्वचित होते असं गृहीत धरून पुढे जायचं आणि शेवटी पडताळायचं. कुंग आणि रॉबिन्सन यांनी १९८१ मध्ये ही दिशा मांडली.

फक्त, ओआरएम (टेबलं कोडमधल्या ऑब्जेक्टशी जोडणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांनी व्हर्जन फॉर्मसोबत ब्राउझरपर्यंत जाऊन परत येतं ना, हे तपासावं. सेव्हच्या वेळी रो नव्याने वाचून तिचंच व्हर्जन तिच्याशीच पडताळलं जात असेल तर संरक्षण शून्य.

---

अनुक्रमणिका

+१. आणि 'आमच्याकडे इतकी गर्दी नाही, असं काही होणार नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी: गर्दी मुद्दाम तयार करता येते. २०१४ मध्ये फ्लेक्सकॉइन ही बिटकॉइन सांभाळणारी सेवा ८९६ बिटकॉइन गमावून बंद पडली. त्यांनीच सांगितलेलं कारण असं की हल्लेखोराने एका खात्यातून दुसऱ्यात पैसे हलवायच्या हजारो रिक्वेस्ट एकदम सोडल्या आणि शिल्लक अपडेट होण्याआधीच त्या मंजूर होत गेल्या. २०१७ मध्ये वॉर्झाव्स्की आणि बेलिस यांनी ई-कॉमर्स सॉफ्टवेअर तपासून गिफ्ट व्हाउचर अनेकदा वापरणं, साठ्यापेक्षा जास्त माल विकणं असे दोष दाखवले. ही नुसती परफॉर्मन्सची बाब नाही, सुरक्षेची आहे.

---

नोंदवही

@उत्तररात्र, गर्दीच्या काउंटरचा मुद्दा मान्य. तिथे सिरियलायझेबलचा आग्रह सोडतो. पण अ‍ॅडमिनसारख्या, अनेक रोंवर पसरलेल्या नियमाला तुमच्याकडे काय उत्तर?

---

तळटीप

तिथे मी ग्रुपची रो फॉर अपडेट करतो आणि मगच अ‍ॅडमिन मोजतो. रीड कमिटेडमध्ये लॉक मिळाल्यानंतरची मोजणी ताज्या डेटावर होते, त्यामुळे दुसऱ्याला एकच अ‍ॅडमिन दिसतो आणि तो थांबतो. पण तुमचा मूळ आक्षेप खरा आहे: हे कोडच्या शिस्तीवर उभं आहे. अ‍ॅडमिन काढणारी दुसरी एखादी वाट कुणी लिहिली आणि ग्रुपचा लॉक विसरला, की संपलं. म्हणून जे नियम युनिक, फॉरेन की, चेक किंवा एक्सक्लूजन कन्स्ट्रेंटमध्ये बसतात ते तिथेच बसवायचे. जे बसत नाहीत आणि ज्यांना अनेक वाटांनी हात लागतो, तिथे सिरियलायझेबल घ्यावं, हे तुमचं म्हणणं मी स्वीकारतो.

---

पहिलंपान

हे सगळं तपासायचं कसं? युनिट टेस्ट तर एकामागून एकच चालतात.

---

मधलीओळ

दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडा, दोन्हीकडे बिगिन करा, आणि एकेक स्टेटमेंट आळीपाळीने हाताने चालवा. ज्या क्रमाची भीती आहे तोच क्रम मुद्दाम घडवा. नंतर तोच क्रम टेस्टमध्ये दोन कनेक्शन आणि दोन थ्रेड घेऊन बांधता येतो: पहिल्या थ्रेडला सिलेक्टनंतर थांबवायचं, दुसऱ्याचंही सिलेक्ट होऊ द्यायचं, मग दोघांना सोडायचं. स्लीपवर विसंबू नका, ती टेस्ट कधी पास कधी फेल होत राहते.

---

पहिलंपान

करून बघितलं, पोस्टग्रेस टाकून अ‍ॅडमिनवाल्या उदाहरणावर. रिपीटेबल रीडमध्ये खरंच दोन्ही कमिट झाली आणि मोजणी शून्य आली. सिरियलायझेबलमध्ये दोन्ही अपडेट निमूट पार पडली, पहिलं कमिटही झालं, आणि एरर आली ती दुसऱ्याच्या कमिटला! आमचा रिट्राय फक्त क्वेरींभोवती आहे, कमिट त्याच्या बाहेर आहे.

---

उत्तररात्र

हो, ४०००१ कमिटलाही येऊ शकते. कमिट रिट्रायच्या आत घ्या. आणि कमिट यशस्वी परत येईपर्यंत त्या ट्रान्झॅक्शनमध्ये वाचलेलं काहीही वापरकर्त्याला दाखवू नका, कारण रद्द होणाऱ्या ट्रान्झॅक्शनने वाचलेल्या आकड्यांची कसलीच हमी नसते.